फोटो जुना झाला तो कुठे?

आधी एकच ठरव, बाळा. हा फोटो खरंच जुना असता, तर तो कुठे जुना झाला असता? ओटीवरच्या भिंतीला टांगलेला, माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेला, की अल्बमच्या काळ्या पानांत चिकटवलेला? हे मनाशी पक्कं झाल्याशिवाय मोबाईलला हात लावू नकोस. भिंतीवरचा फोटो एका तऱ्हेने विटतो, ट्रंकेतला दुसऱ्या, आणि धुराच्या माजघरातला तिसऱ्याच. तू जे ‘व्हिंटेज’ नावाचं बटण दाबतोस, ते या सगळ्यांवर एकच पिवळट रंग फिरवतं. म्हणून तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीच्या फलकासाठी तू केलेले फोटो पिवळे दिसतात, पण जुने वाटत नाहीत.

माझी उमेदवारी पोलादपुरात, स्टँडजवळच्या एका स्टुडिओत झाली. कॅमेरा हातात यायच्या आधी कैक महिने ट्रे धुणं आणि हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, कालवणं एवढंच काम होतं. आमचे मास्तर कुणी जुना फोटो कॉपी करायला आणला की तो सुलटा बघायच्या आधी उलटा करायचे. पाठीवर गंजक्या टाचणीचा डाग असायचा, गोंदाचा पट्टा असायचा, कसरीने खाल्लेल्या वाटा असायच्या, धुराचा वास असायचा. त्यावरून हा माजघरातला, हा ट्रंकेतला हे ते ओळखायचे, आणि समोरच्या बाजूचं नेमकं काय गेलं असेल हेही न बघता सांगायचे. त्यांनी माझ्या कानात घातलं तेच तुझ्या कानात घालतोय: फिकटपणाला कारण हवं. कारण ठाऊक असलं की कुठला स्लायडर किती ओढायचा ते हाताला कळतं.

आता तुझ्या आजीचा, म्हणजे आमच्या वहिनींचा फोटो घे. लग्नानंतर दादा त्यांना गिरणगावात घेऊन गेले, तिथल्या स्टुडिओत काढलेला. कॅबिनेट साइज, ब्रोमाइड कागद, मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिपाईवर फुलदाणी. पुढे तो गावी आला आणि ओटीवर टांगला गेला. फ्रेम उघडून काच काढ, आणि फोटो खिडकीपाशी आडव्या उजेडात तिरका धर. पडद्याचा जो काळा भाग आहे, त्याच्या कडांना निळसर चांदीसारखी झाक दिसेल. ती चांदीच आहे. कृष्णधवल फोटोतलं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. दमट हवेत ते कण गंजतात, विरघळून कागदाच्या वरच्या थराकडे येतात आणि तिथे पुन्हा चांदी होऊन बसतात. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, त्यामुळे या भागातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या ब्रोमाइडवर ही झाक सापडते. समोरून मोबाईलने कॉपी केलीस की तीच झाक काळ्या भागावरचं निळसर धुकं होऊन येते.

त्याच फोटोत वहिनींच्या कपाळाचा आणि गालाचा उजळ भाग बघ. तो पिवळा पडलाय, आणि तिथले बारीक तपशील पुसट झालेत. पदराच्या काठावरची नक्षी जिथे सावलीत आहे तिथे शाबूत आहे, जिथे उजेड पडलाय तिथे गेली आहे. हे उन्हाने झालेलं नाही. प्रिंट हायपोतून काढल्यावर वाहत्या पाण्यात नीट धुवावी लागते. लगीनसराईत कामाची घाई असली की ते धुणं कमी पडायचं. कागदात राहिलेला हायपो मग वर्षानुवर्षं चांदी खात बसतो. उजळ भागात चांदी मुळातच थोडी आणि बारीक कणांची, म्हणून आधी तो भाग जातो आणि काळं शेवटपर्यंत टिकतं. डाव्या खांद्यापाशी एक गडद, चकचकीत डाग आहे. एखाद्या पावसाळ्यात फोटोचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटला, त्याचा तो ठसा.

म्हणजे एकाच फोटोत तीन कारणं आणि तीन वेगळे परिणाम: काळ्यात निळसर, पांढऱ्यात पिवळसर, आणि खांद्यापाशी काचेचा ठसा; मधल्या राखाडी छटा मात्र जवळपास जशाच्या तशा. बटणाला हे जमत नाही, कारण ते काळं, पांढरं आणि मधलं एकाच रंगात बुडवतं.

करायचं कसं, ते आता ऐक. मोबाईलवर स्नॅपसीड असेल तर त्यात ‘कर्व्हज’ नावाचं हत्यार आहे. लाईटरूममध्ये आहे, संगणकावर फोटोशॉप आणि फुकटच्या जिंपमध्येही आहे. चौकटीत एक तिरकी रेघ दिसते. तिचं डावं खालचं टोक म्हणजे फोटोतला काळा, उजवं वरचं टोक म्हणजे पांढरा. संगणकावर या टोकांना ० ते २५५ असे आकडे असतात. काळं टोक सरळ वर उचल, २५-३० पर्यंत. पांढरं टोक खाली आण, २४० च्या आसपास. आकडे दिसत नसतील तर काळ्यासाठी चौकटीच्या उंचीचा दहावा हिस्सा धर आणि पांढऱ्यासाठी त्याच्या निम्मं. खरा काळा आणि खरा पांढरा गेला की फोटो कागदावरचा वाटू लागतो, कारण जुन्या प्रिंटमधलं पांढरं हे कागदाचं पांढरं असतं, त्याहून उजळ काही नसतं.

पण इथेच बहुतेक मुलं थांबतात आणि फोटोवर नुसतं धुकं पसरतं. टोकं हलवल्यावर चेहरा मवाळ होतो. तो परत आणायला रेघेच्या मधल्या भागात दोन टिंबं दे. खालचं किंचित खाली ओढ, वरचं किंचित वर. मधला उतार जरा खडा झाला की नाकाची रेघ आणि ओठांच्या कडा परत दिसतात. किती ओढायचं याची खूण म्हणजे डोळ्याची बाहुली. बाहुली आणि केस यांत फरक दिसत असेल तर ठीक आहे. दोन्ही एकच राखाडी झाले तर काळं टोक जास्त उचललं गेलंय, थोडं खाली घे.

मग रंग. कृष्णधवल केलेल्या फोटोत ‘कलर ग्रेडिंग’ किंवा ‘स्प्लिट टोनिंग’ असं जे असतं, तिथे उजळ भागाला पिवळसर तपकिरी आणि गडद भागाला अगदी नावाला निळा दे. रंगाची तीव्रता दहाच्या आत ठेव. बारा-पंधरावर गेलास की बघणाऱ्याला आधी रंग दिसतो, मग माणूस.

कडांबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यात भलेभले चुकतात. जुनं दाखवायचं म्हटलं की सगळे चारही कोपरे काळे करतात. अंधारे कोपरे येतात ते भिंगामुळे; स्वस्त कॅमेऱ्याचं भिंग कोपऱ्यात उजेड कमी टाकायचं. कागद विटतो तो बरोबर उलटा. हवा, ओल आणि गोंद कडांनी आत शिरतात, म्हणून विटलेली प्रिंट कडांना उजळ आणि पिवळी असते, मधे गडद. तुला कॅमेरा जुना दाखवायचाय की कागद जुना, ते ठरव. कागद दाखवायचा असेल तर ‘व्हिनेट’ उलट्या बाजूला, उजळाकडे ने. आणि चारही कडा सारख्या नकोत. ज्या बाजूला भिंतीची ओल होती ती बाजू जास्त जाते. ब्रशने एका कोपऱ्यावर जास्त, समोरच्यावर कमी, असं हाताने कर.

सेपियाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. तपकिरी फोटो म्हणजे विटलेला फोटो असं सगळे धरून चालतात. आम्ही डार्करूममध्ये सेपिया मुद्दाम करायचो, आणि तो फोटो टिकावा म्हणून करायचो. तयार प्रिंट आधी पोटॅशियम फेरीसायनाइड आणि ब्रोमाइडच्या पाण्यात घालायची. चित्र बघता बघता फिकट होऊन जवळजवळ नाहीसं व्हायचं, आधी चेहरा, मग कपडे, शेवटी केस. मग धुवून सोडियम सल्फाइडच्या ट्रेमध्ये बुडवली की सडक्या अंड्याचा भपकारा यायचा आणि तेच चित्र काही क्षणांत तपकिरी होऊन परत उभं राहायचं. चांदीचं आता सिल्व्हर सल्फाइड झालेलं असायचं, आणि ते साध्या चांदीपेक्षा हवेला कितीतरी कमी दाद देतं. म्हणून सेपिया केलेला चांगला फोटो गडद, भरदार तपकिरी असतो, त्यात काळं खोल असतं. त्याला फिकट करू नकोस. आणि पहिल्या पाण्यात प्रिंट अर्धवटच ठेवली तर उजळ भाग तपकिरी व्हायचे आणि काळं काळंच राहायचं. मला स्वतःला तोच प्रकार सगळ्यात देखणा वाटतो. तो करायला स्प्लिट टोनिंगमध्ये फक्त उजळ भागाला तपकिरी दे, गडद भागाला हातच लावू नकोस.

आता रंगीत. आपल्या भागात रंगीत फोटो घरोघर पोचले ते ऐंशीच्या दशकात. रोल मुंबईच्या लॅबमध्ये जायचे आणि वऱ्हाड पांगल्यावर कधीतरी प्रिंटा हाती यायच्या. त्या काळचे लग्नाचे अल्बम उघड, बहुतेक लालसर निघतील. तयार रंगीत प्रिंटमध्ये चांदी उरत नाही. एकावर एक तीन रंगांचे थर असतात: पिवळा, किरमिजी आणि आकाशी निळा. त्या काळच्या बऱ्याच कागदांत हा निळा अंधारात, नुसता अल्बम मिटून ठेवला तरी, आधी उडायचा. निळा गेला की लाल उरतो. जुन्या ईस्टमनकलर सिनेमांच्या प्रती गुलाबी पडल्या त्याही याच कारणाने. शिवाय कागदात न वापरली गेलेली रसायनं पिवळी पडतात, म्हणून पांढरं शुभ्र धोतर सायीच्या रंगाचं होतं.

यातली गोम लक्षात घे. रंग उडतो तो जिथे रंग भरपूर होता तिथे, म्हणजे गडद भागात. पिवळेपणा दिसतो तो जिथे रंग नव्हता तिथे, म्हणजे उजळ भागात. तेव्हा कर्व्हमध्ये लाल वाहिनी, म्हणजे रेड चॅनेल, उघड आणि फक्त डावं खालचं टोक उचल, ४० पर्यंत. मग निळी वाहिनी उघड आणि फक्त उजवं वरचं टोक खाली आण, २२५ पर्यंत. बस, एवढ्या दोन हालचालींत ऐंशीचा अल्बम उभा राहतो. नवरदेवाचा काळा कोट तांबूस होईल, मुंडावळ्यांची फुलं सायीसारखी होतील आणि मागची झाडी मळकट तपकिरी. नंतर एकूण रंग थोडे उतरव, पण हिरवा जास्त उतरव. हिरवा रंग पिवळा आणि निळा मिळून होतो, आणि निळा गेलेला असतो.

भिंतीवरचा रंगीत फोटो मात्र या वाटेने जात नाही. उजेडात तिन्ही रंग झिजतात, त्यात किरमिजी फार लवकर झिजायचा, म्हणून चेहरे हिरवट, आजारी दिसू लागतात आणि उजळ रंग पार धुवून निघतात. अशा फोटोची फ्रेम सोडवली तर माउंटखाली झाकलेली पट्टी अजून ताज्या रंगाची सापडते. कधी जमलं तर हेच करून बघ: फोटो फिकट कर, पण चारही बाजूंनी अर्ध्या बोटाची पट्टी मूळ रंगात सोड. कुणालाही न सांगता कळतं की हा चौकटीतून काढलाय.

एवढं झालं कागदाचं. पण फोटो कॅमेऱ्यात शिरतानाच जुना दिसायला हवा, नंतरच्या रंगरंगोटीने ती कसर भरून निघत नाही. जुनी फिल्म मंद होती, तिला ऊन लागायचं. म्हणून फोटोग्राफर सूर्य पाठीशी घेऊन उभा राहायचा आणि समोरची माणसं डोळे बारीक करून उभी असायची. तू संध्याकाळचं सोनेरी ऊन पकडतोस आणि त्याला १९६५ म्हणतोस, ते पटत नाही. सकाळी नवाच्या सुमाराला घे, सूर्य तुझ्या खांद्यामागे ठेव. माणसांना खांद्याला खांदा लावून सरळ उभं कर, हात कुठे ठेवायचे ते त्यांचं त्यांना ठरवू दे, आणि हसायला सांगू नकोस.

त्याहून जुनं, शंभर वर्षांपूर्वीचं दाखवायचं असेल तर त्या काळच्या फिल्मची नजर समजून घे. ती लाल रंगाला आंधळी होती. कुंकू काळं यायचं, लाल लुगडं काळं यायचं, सावळा चेहरा आणखी गडद यायचा. निळ्याला मात्र ती फार हळवी, म्हणून आकाश कोरं पांढरं, ढगाचा पत्ता नाही. कृष्णधवल करताना प्रत्येक रंग किती उजळ यावा हे ठरवायची सोय असते. तिथे लाल आणि नारिंगी खाली ओढ, निळा वर चढव. आपली तांबडी वाट गडद होईल आणि मागच्या डोंगरांवर फिकट धूसर थर चढतील. हे एक केलंस तरी अर्धं काम होतं, आणि त्याला एकही डाग लागत नाही.

मापही बघ. आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा कुणाकडे बघितलायस का? बडोद्यात बनायचा, चाकरमान्यांच्या गळ्यात हटकून असायचा. १२० च्या रोलवर बारा फोटो, प्रत्येक सहा बाय सहा सेंटिमीटर, चौकोनी. पुष्कळदा त्याची प्रिंट निगेटिव्ह कागदावर थेट ठेवूनच काढायची, मोठी न करता. त्यामुळे त्या लहान चौकोनी प्रिंटांत दाणे, म्हणजे ग्रेन, दिसत नाहीत. भिंगाने बघितलं तरी गुळगुळीत. दाणे आले ते ३५ मिलिमीटरची बारकी निगेटिव्ह एन्लार्जरखाली मोठी करायला लागल्यावर. तेव्हा चौकोनी कापलास तर दाणे टाकू नकोस. मधला भाग तेज ठेव आणि कडा थोड्या धूसर कर. दाणे टाकायचेच तर आडवा फोटो ठेव, आणि दाणे राखाडी भागात दिसू देत, कोऱ्या आकाशात नकोत. नव्वदीतला फोटो हवा असेल तर मामला सोपा आहे: समोरून थेट फ्लॅश, मागे अंधार, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख. त्यात फार जीव अडकवू नकोस.

चौकटीत काय आहे तेही साफ कर. मागे मोबाईलचा टॉवर, बाजूला प्लास्टिकची खुर्ची, खांबावर फ्लेक्स. वर कितीही तपकिरी फासलंस तरी डोळा आधी त्या खुर्चीवर जातो. नंतर पुसण्यापेक्षा दोन पावलं सरकून काढणं बरं.

डाग आणि ओरखडे शेवटी, आणि हात आखडता घेऊन. इंटरनेटवर सुरकुतलेल्या कागदांची चित्रं फुकट मिळतात आणि सगळे तीच वापरतात. तोच एक दुमडलेला कोपरा मी मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या फलकांवर बघतो. त्यापेक्षा घरातले जुने फोटो पालथे घालून त्यांच्या पाठीचे फोटो काढ. आपल्या हवेचे डाग आपल्याच कागदावर असतात. ते चित्र तुझ्या फोटोवर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने ठेव आणि वीस-पंचवीस टक्क्यांवर आण. पांढरे ठिपके चालतील. प्रिंट काढताना निगेटिव्हवर धूळ असली की कागदावर पांढरा ठिपका यायचा, तो आम्ही बारीक ब्रशने शाईत टिपून बुजवायचो. उभ्या लांबलचक रेघा मात्र नकोत, त्या सिनेमाच्या फिल्मच्या, फोटोच्या नव्हेत. बुरशीचा ठसा हवा असेल तर तो चेहऱ्यावरून नेऊ नकोस, गडद पडद्यावर ठेव.

आणि एक डाग कधीही वापरायचा नाही, तो पुराचा. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तळियेवर दरड कोसळली. किती घरांचे अल्बम चिखलात गेले, त्यांची पानं एकमेकांना चिकटून दगड झाली, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. गाळाच्या रेघा आणि सुटलेले थर दिसायला विलक्षण असतात हे मी मान्य करतो, पण ती या तालुक्यांची जखम आहे. शोभेसाठी तिला हात लावायचा नाही. उलट कुणी असा ओला फोटो घेऊन आलं तर काय करायचं ते शिकून ठेव. चिकटलेले फोटो ओढून वेगळे करायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून सुटतात का बघायचं. सुटले की चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे, पुसायचं नाही. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, म्हणजे बुरशी धरत नाही. हे आलं तर तुझ्या त्या सगळ्या फिल्टरांपेक्षा गावाला त्याचा उपयोग जास्त.

आता पुण्यतिथीच्या फलकाचं. माघ वद्य नवमीला तानाजींच्या समाधीपाशी आपली मुलं मावळ्यांच्या वेशात उभी राहतात, भाले-तलवारी घेतात, त्यांचे तू काढलेले फोटो फार सुरेख आहेत. त्यांतलेच दोन तू तपकिरी करून, कडा जाळून, खाली १६७० लिहिलंयस. ते काढून टाक. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर पडले. त्यांचा देह मढे घाटाने खाली आपल्या उमरठला आणला असं आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात, शेलारमामांची समाधीही इथेच आहे. फोटो काढायची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली. मधे १६९ वर्षं आहेत. त्या काळाचा फोटो असूच शकत नाही, आणि आज जो कुणी तसा फोटो बनवतो तो पोरखेळ म्हणून बनवत असला तरी चार मोबाईल फिरल्यावर तो ‘दुर्मिळ खरा फोटो’ होऊन परत येतो. आता तर नुसतं सांगितलं की यंत्र हवा तसा मावळा बनवून देतं, त्यामुळे आपली जबाबदारी वाढलीय. बाहेरगावची माणसं उमरठला येतात ती खरं काही बघायला येतात. त्यांना या गावाने खोटा कागद दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

मुलांचे फोटो रंगीतच ठेव. भगवे झेंडे आणि घामाने चमकणारे चेहरे हे आजचे आहेत आणि आजचे म्हणूनच चांगले दिसतात. समाधीचा फोटो मात्र तू जुन्या चालीवर करू शकतोस, कारण दगडाला काळ लागलेलाच आहे आणि तो फोटो कुणाला फसवत नाही. लाल वाहिनी दाबून, आकाश कोरं ठेवून, साधा कृष्णधवल कर. डाग टाकू नकोस. खाली काढल्याचं वर्ष लिही. आणि घरोघरीचे खरे जुने फोटो मिळाले तर फलकाचा मोठा हिस्सा त्यांना दे. गिरणीत गेलेल्यांचे, जुन्या पुण्यतिथ्यांचे, शाळेच्या वर्गाचे. ते मूळ आहेत तसेच दाखव, त्यांच्या डागांसकट. एकही डाग पुसू नकोस आणि एकही वाढवू नकोस.

मूळ फाइलला कधी धक्का लावायचा नाही. आधी तिची नक्कल करून त्या नकलेवरच काम कर आणि नावात वर्ष व ‘बदललेला’ असा शब्द घाल. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर खेपेला ती थोडी खराब होते, तेव्हा काम चालू असेपर्यंत ज्या प्रकारात थर शाबूत राहतात त्यात ठेव. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर तुझे सगळे बारीक दाणे पुसून जातात आणि चेहऱ्यावर चौकटी उमटतात.

छापायला देशील तेव्हा आधी फूटभर तुकडा छापून माग. पडद्यावर जो उचललेला काळा मखमली दिसतो, तोच फ्लेक्सवर राख होतो. फ्लेक्ससाठी काळं टोक २५ ऐवजी १०-१२ वरच ठेव आणि पिवळेपणा निम्मा कर, कारण छापताना तो वाढतो. जे फोटो घरोघरी वाटायचे आहेत ते फ्लेक्सवाल्याकडे देऊच नकोस, लॅबमधून मॅट कागदावर काढ, पांढरी कड ठेवून. पाठीवर शिसपेन्सिलने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिही. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.